व्हॉइल द्रगार्न, दुसरी खेप: या वेळी घरं दिसली

मंडळी, ऑगस्टच्या ट्रिपनंतर मी ठोकून दिलं होतं की व्हॉइल द्रगार्नवर, म्हणजे वेल्सच्या प्रेसेली डोंगररांगेतल्या या लोहयुगातल्या किल्ल्याच्या टेकडीवर, तीन केअर्न (थडग्यांवरचे दगडांचे मोठे ढीग) सोडले तर बघण्यासारखं काही नाही. शब्द मागे घेतो. चूक माझी, आणि थोडी त्या ब्रॅकनची, आपल्या नेच्याचाच भाऊबंद तो, उन्हाळ्यात कमरेएवढा वाढतो आणि खालचं सगळं गिळून टाकतो.

म्हणून या वेळी मुद्दाम जानेवारीत, क्रमिख गावाच्या बाजूने. दुपारी तीनला ऊन अगदी तिरपं झालं आणि उतारावर एकेक सावली उमटायला लागली, आधी दोन मग पाच मग जिकडे बघावं तिकडे. कोकणात उतारावर घर बांधताना मागून खणून माती पुढे ओढतात ना, जोत्यासाठी, डिट्टो तशाच सपाट केलेल्या घरांच्या जागा. एका जागेत उभा राहून मोजलं, आडवी सात पावलं, पाठीला मातीची भिंत गुडघ्याएवढी, आणि आत वारा एकदम कमी! लोहयुगातल्या अशा 200 हून जास्त जागा इथे नोंदल्यात. मी 23 मोजल्या, मग बोटं गारठली आणि फोनही थंडीने मेला, त्यामुळे फोटो मोजकेच. 1899 मध्ये बेअरिंग-गूल्ड नावाच्या पाद्रीबुवांनी इथे खणलं होतं, तेव्हा मणी, टकळीच्या चकत्या असलं घरगुती सामान निघालं.

नाव पण मस्त आहे बरं का, लिहितात Foel Drygarn, पण वेल्शमध्ये एकटा एफ म्हणजे व, आणि अर्थ तीन केअर्नचा टकला डोंगर.

आता डोक्यात बसलेला किडा. केअर्न कांस्ययुगातले, म्हणजे किल्ला बांधणाऱ्यांच्याही हजारेक वर्षं आधीचे. यांना तटाला ढिगाने दगड लागत होते, आणि माथ्यावर आयते तीन डोंगर पडलेले, तरी ते जवळपास तसेच ठेवले. भीती म्हणा, मान म्हणा, मला तरी हे आळसाचं काम वाटत नाही.

(नागपूरकरांनी हसू नये, काटोल रोडवरच्या जुनापाणीची दफनाची शिळावर्तुळं मी अजून पाहिलेली नाहीत.)

पुढच्या खेपेला धारेने कार्न मेनिन या खडकाळ माथ्यापर्यंत, इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या शिळावर्तुळाचे निळे दगड याच प्रेसेलीतून गेलेत. पॉवरबँक दोन नेणार आणि हातमोजे बोटं उघडी नसलेले. मार्चच्या आत कोणी येतंय का? नंतर ब्रॅकन परत उठतो.