मंडळाचा मेळावा आणि मावशीची टोपली

जानेवारीत आमच्या चर्चच्या महिला मंडळाच्या मेळाव्याचा रविवार आला की आदल्या रात्री आमच्या घरी कोणी धड झोपायचं नाही. वसईच्या पश्चिम पट्ट्यातलं आमचं गाव, मागे केळीची वाडी, पुढे मोठा ओटा, आणि त्या ओट्यावर गोणपाट अंथरून आजी, आई, दोन्ही काकू, शेजारच्या मावश्या अशा सगळ्या गोल करून बसायच्या, मधोमध कागड्याच्या कळ्यांचा हा एवढा ढीग. मोगऱ्याचा सीझन उन्हाळ्यात, जानेवारीत आमच्याकडे कागडाच, त्याला मोगऱ्यासारखा वास नसतो पण कळी पांढरीशुभ्र असते आणि गजरा टिकतो छान. केळीचं सोपट फाडून केलेला दोर पाण्यात भिजत ठेवलेला असायचा. मेळाव्याला येणाऱ्या प्रत्येक बाईच्या केसात गजरा पाहिजेच असा मंडळाचा नियम होता, मग ती गावातली असो नाहीतर लग्न होऊन बाहेर गेलेली माहेरवाशीण असो. दीडेकशे गजरे व्हायचे. आणि हात चालू असताना तोंडाने जपमाळ चालू. एक नमो मरिया, एक गाठ. मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन, कळ्या निवडायचं काम माझ्याकडे, आणि त्या आवाजात मला डुलकी लागली की आजी माझं डोकं हळूच मांडीवर घ्यायची, पण तिचा हात काही थांबायचा नाही.

आमच्या पॅरिशचं, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीतलं, हे महिला मंडळ माझ्या जन्माच्या आधीपासूनचं. तेव्हाचा मेळावा साधा असायचा, सकाळी मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, मग हॉलमध्ये फादरांचं भाषण, संगीत खुर्ची, लिंबू-चमचा, जेवण, दुपारी गाणी आणि नाटुकलं, संध्याकाळी पाचला सगळ्या घरी, कारण म्हशींचं दूध काढायचं असायचं. आजी सांगायची की तिच्या तरुणपणी मिस्सा लॅटिनमध्ये असायची, शब्द पाठ पण अर्थ कोणालाच माहीत नाही, आणि साठच्या दशकात व्हॅटिकन परिषदेनंतर जेव्हा मराठीत मिस्सा सुरू झाली तेव्हा ती पहिल्यांदा ऐकताना रडली होती. देव आपल्याशी आपल्या भाषेत बोलला, असं म्हणायची ती. मेळाव्याच्या मिस्सेला लाल लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसायची आणि सगळ्यात मोठ्याने गायची.

पण ज्यासाठी मी हे लिहायला बसले ती गोष्ट मी सातवीत असतानाची.

त्या वर्षी बाहेरगावच्या फादरांना बोलावलं होतं आणि प्रवचन होतं मार्था आणि मरिया ह्या दोन बहिणींवर. लूकच्या शुभवर्तमानातला दहावा अध्याय, येशू घरी येतो, मरिया त्याच्या पायाशी बसून ऐकते, मार्था स्वयंपाकघरात राबते आणि शेवटी तक्रार करते की हिला सांगा ना मला मदत करायला. फादर मनापासून बोलले, कामाच्या रगाड्यात प्रार्थना विसरू नका असं त्यांचं सांगणं होतं. सगळ्या शांतपणे ऐकत होत्या. मग जेवणाच्या वेळी, तांदळाचे वडे आणि मटणाचा रस्सा वाढता वाढता, आमची फुलवाली मावशी सिस्टरना म्हणाली, सिस्टर, राग मानू नका, पण मार्था उठली नसती तर येशू जेवला कुठे असता?

ही मावशी आमच्यापासून तीन घरं सोडून राहायची. तिचा दिवस सुरू व्हायचा रात्री अडीचला. कंदील नाहीतर बॅटरी घेऊन वाडीत जायचं, कळ्या उमलायच्या आत खुडायच्या, टोपली भरायची, वर ओलं फडकं, डोक्यावर टोपली घेऊन मिळेल त्या गाडीने वसई रोड स्टेशन, तिथून पहाटेची लोकल पकडून दादर. दादरच्या फुलबाजारात उशिरा पोचलं की भाव पडलेला, म्हणून एकही गाडी चुकवायची नाही. दहा-अकराला परत आली की मग घरचं रांधणं, धुणं, दुपारी वाडीला पाणी. आमच्या भागातल्या कितीतरी बायकांनी असंच भाजी, फुलं, केळी मुंबईला नेऊन घरं उभी केली, मुलांना शिकवलं, आज त्यांची मुलं इंजिनिअर, नर्स, शिक्षक आहेत. मावशी गाडीतच जपमाळ करायची, वसई रोडला चढल्यावर क्रूसाची खूण करायची आणि बोरिवली यायच्या आत पाचही रहस्यं, म्हणजे जपमाळेचे पाचही भाग, पूर्ण. डब्यातल्या कोळणी, भाजीवाल्या, वेगळ्या धर्माच्या बायकासुद्धा तेवढा वेळ तिच्याशी बोलायच्या नाहीत, तिचं चाललंय म्हणून थांबायच्या.

तर तिच्या त्या प्रश्नावर सिस्टर हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. वाढणं संपल्यावर त्यांनी हॉलमध्येच बायबल उघडलं आणि योहानाचा अकरावा अध्याय वाचून दाखवला. त्या बहिणींचा भाऊ लाजर मेल्यावर येशू येतो तेव्हा घरातून उठून त्याला सामोरी कोण जाते, तर मार्था. आणि तू ख्रिस्त आहेस, देवाचा पुत्र आहेस असा विश्वास कोण बोलून दाखवते, तर तीच, चुलीपुढची मार्था. सिस्टर म्हणाल्या, कामाने तिचा विश्वास कमी झाला नव्हता, ती फक्त दमली होती आणि एकटी पडली होती. मला तेव्हा अर्धंच कळलं, पण बायका एकदम गप्प झालेल्या मला आठवतात, आणि माझी धाकटी काकू पदराने डोळे पुसत होती. ती त्या काळात खूप दमलेली असायची हे मला खूप उशिरा समजलं.

पुढच्या वर्षी सिस्टरनी मिस्सेतल्या अर्पणाच्या मिरवणुकीची पद्धत बदलली. एरवी भाकर, द्राक्षारस, फळांची परडी असं घेऊन चार मुली पुढे जायच्या. त्यांनी सांगितलं की प्रत्येक बाईने आपल्या कामातली एक वस्तू आणायची. ह्यावर थोडी कुरकुर झाली, वेदीपर्यंत टोपल्या आणि विळे कशाला न्यायचे असं काही जणांना वाटलं, पण पॅरिशचे फादर सिस्टरच्या बाजूने उभे राहिले आणि तो विषय तिथेच मिटला.

ती मिरवणूक मी आजही डोळे मिटले की बघू शकते. सगळ्यात पुढे माझी आजी, हातात केळीचा घड कापायचा कोयता फडक्यात गुंडाळून धरलेला. मागे प्राथमिक शाळेच्या बाई खडूचा डबा घेऊन, मग नर्सचं काम करणारी ताई युनिफॉर्ममध्ये, मग शिवणाच्या टीचर कात्री आणि टेप घेऊन, मग दूध घालणारी काकू मापट्यासहित, माझी आई सुकेळ्यांची पुडी घेऊन, आणि ह्या सगळ्यांमध्ये फुलवाली मावशी, डोक्यावर तीच टोपली, काठाला तारेने बांधलेली, तळाला वर्षानुवर्षांच्या पाण्याने काळी पडलेली. एरवी दादरला जाताना ती मान खाली घालून भरभर चालायची. त्या दिवशी चर्चच्या मधल्या वाटेने ती इतकी हळू आणि ताठ चालली की मागची रांग थांबून राहिली. फादरांनी टोपली दोन्ही हातांनी घेतली आणि वेदीच्या पायरीवर ठेवली. मावशी जागेवर परत येऊन बसली आणि मिस्सा संपेपर्यंत त्या टोपलीकडेच बघत होती.

आईच्या सुकेळ्यांबद्दल थोडं सांगायलाच हवं. आमच्याकडची राजेळी केळी पूर्ण पिकवून, सोलून, उन्हात वाळवतात, रोज उलटायची, संध्याकाळी आत घ्यायची, दव पडू द्यायचं नाही, आणि मग केळीच्याच सुक्या पानात गुंडाळून घट्ट बांधायची. मधासारखी लागतात. हे काम पूर्ण बायकांचं, पण बऱ्याच घरी त्याचे पैसे मात्र पुरुषांच्या हातात जायचे. मेळाव्यात विक्रीचं टेबल सुरू झालं तेव्हा आईने पहिल्यांदा स्वतःच्या नावाने स्वतःची सुकेळी विकली आणि आलेल्या पैशांतून तिने काय घेतलं तर रंगांची पेटी. तिला चित्रं काढायला आवडायचं हे आम्हाला तोपर्यंत माहीतच नव्हतं. नंतर नाताळच्या गव्हाणीमागचा डोंगर आणि आकाश कितीतरी वर्षं तीच रंगवायची, बेथलेहेमच्या डोंगरावर ताडाची झाडं आणि बावखल, म्हणजे आमच्याकडचं तळं, काढायची, आणि गव्हाण बघायला आलेल्या लहान मुलांना ते बरोबरच वाटायचं.

आणि आमची नाटकं! ती लिहायच्या शिवणाच्या टीचर. ब्लाउजची मापं लिहायची जी वही असते तिच्या मागच्या पानांवर त्या संवाद लिहायच्या, म्हणजे एका बाजूला छाती, कंबर, बाही आणि उलट बाजूला पात्रांची वाक्यं. त्यांनी शिकलेलं होतं सातवीपर्यंत, पण वाचन अफाट, मंडळात येणाऱ्या ‘निरोप्या’ मासिकाच्या प्रत्येक अंकाचं पान न पान वाचायच्या. मेळाव्यात त्या दरवेळी दुर्कसची गोष्ट सांगायच्या, प्रेषितांच्या कृत्यांमधली, यापो बंदरातली, विधवांसाठी कपडे शिवणारी दुर्कस. ती मेली तेव्हा त्या विधवा प्रेषित पेत्राभोवती उभ्या राहून रडत रडत तिने शिवलेले कपडे दाखवतात. टीचर म्हणायच्या, बघा, तीसुद्धा आपल्यासारखी समुद्राकाठची, आणि तिच्या मागे राहिली ती तिची शिवण. नव्या करारात मूळ ग्रीकमध्ये ‘शिष्या’ असा स्त्रीलिंगी शब्द एकदाच आलाय आणि तो ह्या दुर्कससाठी, हे मला खूप नंतर एका शिबिरात कळलं, तेव्हा पहिला विचार आला की टीचरना सांगायला पाहिजे होतं, पण तोवर त्या गेल्या होत्या.

अकरावीत असताना टीचरनी मला लक्ष्मीबाई टिळकांची भूमिका दिली. आपल्या कोकणातल्याच करजगावचे नारायण वामन टिळक, त्यांच्याशी लक्ष्मीबाईंचं लग्न झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या, लिहावाचायला शिकल्या त्या लग्नानंतर. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं, कितीतरी काळ वेगळ्या राहिल्या, आणि मग काही वर्षांनी स्वतः विचार करून, स्वतःच्या मनाने ख्रिस्ती झाल्या. टिळक १९१९ ला गेले, त्यांचं ख्रिस्तायन हे महाकाव्य अर्धवट राहिलेलं, ते पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्णत्वाला नेलं. हा प्रवेश मी करत होते, हातात लेखणी, समोर कागद, आणि टीचरनी लिहिलेलं एकच वाक्य, आता मी लिहिते. प्रेक्षकांत बसलेल्या बायकांमध्ये अंगठा उठवणाऱ्या कितीतरी होत्या. टाळ्या पडल्या नाहीत. शांतता होती, आणि मग मागून कुणीतरी हळूच गाणं सुरू केलं आणि अख्खा हॉल गायला लागला. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात मंडळात रात्रीचा साक्षरता वर्ग सुरू झाला, आठ-नऊ जणी यायच्या, मी आणि माझी मैत्रीण शिकवायचो. फुलवाली मावशी पहिली आली. तिने आधी स्वतःचं नाव शिकलं, मग दादर.

एका वर्षी पंडिता रमाबाईंवर नाटक होतं, केडगावच्या मुक्ती मिशनमधला छापखाना दाखवायचा होता, रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं आणि छपाईचं काम तिथल्याच बायका-मुलींनी केलं, तो प्रसंग. नेमके त्याच वेळी लाइट गेले. कुणीतरी चर्चमधून मेणबत्त्या आणल्या आणि आम्ही त्या उजेडात खिळे जुळवायचा अभिनय केला, माझ्या धाकट्या काकूने रमाबाई केली होती, दमलेली असायची ना, तीच काकू, आणि माइक नसताना तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला. तिला आवाज आहे हे आम्हाला तिथे कळलं. नंतर ती आमच्या चर्चच्या गायकवृंदात गेली आणि आमच्या कादोडी बोलीत लग्नाची गाणी रचायला लागली, लांबलांबची लोकं तिला बोलवायला यायची.

१९९८ साली वसईचा वेगळा धर्मप्रांत झाला, त्यानंतर सगळंच वाढलं, शिबिरं, बचतगट, कॉम्प्युटरचे क्लास. वाड्या मात्र कमी झाल्या. विहिरींचं पाणी टँकरने उपसून नेलं जात होतं त्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या, वसईचं पाणी आणि हिरवळ वाचवण्यासाठीच्या, ‘हरित वसई’ लढ्यात आमच्या मंडळाच्या बायका चालल्या होत्या, आईसुद्धा होती, पायात स्लीपर आणि हातात जपमाळ. त्या वर्षी मिरवणुकीत आईने सुकेळ्यांऐवजी आमच्या विहिरीच्या पाण्याचा तांब्या नेला.

आता मिरवणुकीची जबाबदारी माझ्याकडे असते. लॅपटॉप येतो, स्टेथोस्कोप येतो, केकचे साचे येतात, मागच्या वर्षी एक मुलगी ड्रायव्हिंग लायसन घेऊन आली, ती स्कूल व्हॅन चालवते. गेल्या वर्षी एक ताई काहीच न घेता आली, आजारी सासूचं करण्यात तिचा दिवस जातो, म्हणाली काय आणू, मी म्हटलं हात घेऊन ये, तर ती खरंच नुसते उघडे हात पुढे धरून चालली आणि फादरांनी ते हातात घेतले.

मावशी गेली त्याला सहा वर्षं झाली. तिच्या सुनेने टोपली मंडळाला दिली, आता ती माझ्याच घरी माळ्यावर असते, मेळाव्याच्या आदल्या दिवशी मी ती उतरवते, पुसते, तार घट्ट करते. आमच्या वाडीत कागडा उरलेला नाही. ह्या वर्षी कळ्या आणायला मावशीची नात स्वतः पहाटेच्या लोकलने दादरला गेली, जिथे तिची आजी विकायला जायची तिथून विकत घेऊन आली, आणि येताना टोपली मांडीवर ठेवून बसली होती. शनिवारी रात्री ओट्यावर आम्ही सात जणी होतो. सोपट शेजारच्या वाडीतून मागून आणलं, मी ते फाडून पाण्यात टाकलं, काकूने पहिली नमो मरिया सुरू केली.