आजाराचे नाव अर्जात का लिहिले? तुम्ही विचारलंत म्हणून

रजा संपवून मी बँकेत पुन्हा रुजू झाले त्याला चार वर्षे झाली, तरी हा प्रश्न थांबलेला नाही. लग्नकार्यात भेटलेली नणंद विचारते, निवृत्त झालेले सहकारी विचारतात आणि ज्यांच्या घरात नुकतेच कोणाला बायपोलरचे, म्हणजे मनाला कधी अतिउत्साहात तर कधी खोल नैराश्यात नेणाऱ्या माझ्याच आजाराचे, निदान झाले आहे ते तर मुद्दाम फोन करून विचारतात: ‘‘रजेच्या अर्जात बायपोलर असं स्पष्ट कशाला लिहिलंत? मणक्याचं दुखणं, कावीळ, काहीही लिहिता आलं असतं.’’

नसते आले. मला लिथियम सुरू झाले होते. या औषधाचे रक्तातले प्रमाण कमी पडले तर उपयोग होत नाही, वाढले तर ते विषासारखे बाधते आणि या दोन्हींमधले अंतर फार थोडे असते. त्यामुळे रक्त वरचेवर तपासावे लागते, तेही रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, म्हणजे नेमके शाखा उघडण्याच्या सुमारास. बोटांना कंप सुटतो, सतत तहान लागते. कावीळ सांगून हे सारे मी किती महिने निभावले असते? शिवाय रजेपूर्वीचे तीन आठवडे अख्ख्या शाखेने पाहिले होते. मी रात्री अकराला शाखाधिकाऱ्यांना फोन करून वसुलीच्या योजना ऐकवत होते, आणि एका वृद्ध खातेदारावर सर्वांदेखत ओरडले होते. त्या खातेदाराची क्षमा मागायची तर खरे कारण सांगणे भागच होते, असे मला तेव्हा वाटले.

कायद्याचे म्हणाल, तर नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या माणसाला काढता येत नाही किंवा खालच्या पदावर नेता येत नाही, असे 2016 चा दिव्यांग हक्क अधिनियम सांगतो. पण ते कलम शासकीय आस्थापनांपुरते आहे आणि आमची सहकारी बँक त्यात बसत नाही. अर्ज लिहिताना मला हे ठाऊक नव्हते. ठाऊक असते तरी तेच लिहिले असते, असे मी बरीच वर्षे ठासून सांगत आले. आता तितक्या खात्रीने सांगवत नाही, आणि त्याला कारण ती एक संध्याकाळ आहे.

रुजू होऊन तिसरा आठवडा होता. फिटनेस सर्टिफिकेट दिल्यावरही मला पंधरा दिवस रेकॉर्ड रूममध्ये बसवले होते आणि मी भांडून कॅश काउंटर परत मिळवला होता. त्या दिवशी कॅश जुळवताना दोन हजार रुपये कमी भरले. मी बंडले सोडून पुन्हा मोजली. मशीनवर मोजली, मग हाताने मोजली. ओल्या स्पंजवर बोट टेकवून नोट उचलताना बोट थरथरत होते, दोन नोटा एकदम येत होत्या, आणि सर्वांचे डोळे त्या बोटावर आहेत हे मला मान वर न करताही कळत होते. शाखाधिकारी येऊन काउंटरपाशी उभे राहिले. आवाज मुळीच न चढवता, अगदी काळजीच्या स्वरात त्यांनी विचारले, ‘‘मॅडम, आज गोळी घेतलीत ना?’’

शिपाई कुलपाची किल्ली हातात धरून उभा होता. शेजारच्या काउंटरवरची मुलगी व्हाउचरे लावता लावता थांबली. मी ‘‘हो साहेब’’ एवढेच म्हणाले.

व्हाउचरे एकेक करून संगणकातल्या नोंदींशी ताडून पाहिली तेव्हा चूक सापडली. बारा हजारांची विड्रॉवल स्लिप होती, मी पैसेही बारा हजारच दिले होते आणि नोंद मात्र दहा हजारांची केली होती. चूक माझीच होती, ती मी नाकारत नाही. पण माझ्या रजेच्या आधी एका सहकाऱ्याचे पाच हजार असेच कमी भरले होते, त्याने खिशातून भरले, सर्वांनी त्याला चहा पाजला आणि विषय तिथेच संपला; त्याने रात्री झोप घेतली होती की नव्हती, हेसुद्धा कोणी विचारले नव्हते. तशी साधी, दमलेल्या माणसाची चूक माझ्या वाट्याला पुन्हा कधी आली नाही. अर्जातल्या त्या एका शब्दाने माझ्याकडून काय घेतले, ते हे.

साहेबांच्या बाजूनेही मी विचार केला आहे. रात्री अकराचे माझे फोन त्यांनीच घेतले होते, आणि माझ्या रजेची शिफारस एका दिवसात पुढे पाठवली होती ती त्यांनीच. ते दुष्टपणे बोलले नव्हते. तरीही तो प्रश्न केबिनमध्ये बोलावून विचारता आला असता. इतके साधे होते ते.

गेल्या महिन्यात दुसऱ्या शाखेतल्या एका तरुण क्लार्कचा फोन आला. निदान तेच, औषध तेच. ‘‘ताई, अर्जात काय लिहू?’’ त्याने विचारले. वैद्यकीय रजा किती शिल्लक असते, सर्टिफिकेट कोणत्या तारखेचे लागते, रक्ततपासणीच्या दिवशी उशिरा येण्याची लेखी परवानगी कशी मागावी, हे सगळे मी त्याला सांगितले. तो पुन्हा म्हणाला, ‘‘ते कळलं ताई, पण नाव लिहू का?’’ मी त्याला उद्या फोन करते म्हणाले. तो फोन मी अजून केलेला नाही.