सरकार बदललं आणि पासाची लाईन लागली

१६ मे २०१४ म्हटलं की लोकांना टीव्हीवरचे आकडे आठवतात. भाजप २८२, एनडीए ३३६, काँग्रेस ४४. मला मात्र त्यानंतर महिन्याभराने आलेले, लोकलच्या पासाच्या दरवाढीचे जूनमधले चार-पाच दिवस जास्त आठवतात, आणि माझं ठाम मत आहे की सरकार बदलल्यावर लोकांना नेमकं काय हवं होतं हे बघायचं असेल तर गुलालाच्या फोटोंपेक्षा ते दिवस बघावेत. निदान आमच्या ठाण्यापुरतं तरी.

मी तेव्हा रोज ठाण्याहून सीएसटीला जायचे. सेकंड क्लास, लेडीज डबा. ठाण्यातूनच सुटणारी लोकल असली की बसायला मिळायची आशा असते, म्हणून मुलुंड-भांडुपच्या काही बायका आधी उलट्या डाऊन यायच्या आणि सीट धरून बसायच्या, मग त्यावरून रोज वाजायचं. राजकारण हा आमच्या ग्रुपचा विषय नव्हताच मुळी. मुलांच्या परीक्षा, सासूचं दुखणं, कुठे सेल लागलाय, आणि हात मेथी नाहीतर गवार निवडतायत. पण त्या वर्षी एप्रिलपासून वातावरण वेगळं होतं. २४ एप्रिलला आमचं मतदान झालं आणि दुसऱ्या दिवशी डब्यात जी ती बोटाची शाई दाखवत होती.

बायका कशावर चिडल्या होत्या ते मी जवळून ऐकलंय. टीव्हीवर टूजी आणि कोळसा घोटाळा चालू असायचा, आमच्या डब्यात गॅस सिलेंडर. सबसिडीचे वर्षाला सहाच मिळणार म्हणून २०१२ ला सांगितलं, मग नऊ केले, मग निवडणूक तोंडावर आल्यावर बारा. हे सगळं ज्यांनी स्वयंपाकघरात बसून निभावलं त्यांना कोणी विचारलं होतं का? शिवाय दिल्लीची ती २०१२ च्या डिसेंबरची सामूहिक बलात्काराची घटना आणि नंतर २०१३ च्या ऑगस्टमध्ये आपल्याच मुंबईत शक्ती मिलमध्ये झालं ते. रात्री उशिराच्या गाडीने येणाऱ्या मुलींच्या आया तेव्हापासून स्टेशनवर घ्यायला यायला लागल्या होत्या. म्हणजे राग साचत साचत आलेला होता, एका भाषणाने किंवा एका जाहिरातीने झालेलं नाही ते. 'अच्छे दिन' ही घोषणा लोकांनी उचलली कारण आधीचे दिवस अंगावर आले होते.

निकाल लागला तो शुक्रवार. ऑफिसात कोणाचं कामात लक्ष नव्हतं, ज्याच्या फोनवर नेट चालत होतं त्याच्याभोवती घोळका. संध्याकाळी परत येताना डब्यात पेढे आले, एक नाही दोन बॉक्स. महाराष्ट्रात ४८ पैकी ४२ जागा भाजप-सेना आणि मित्रपक्षांच्या युतीच्या, मुंबईतल्या सहाच्या सहा, इकडे ठाणे, कल्याण, भिवंडी, पालघर सगळं. ठाण्यातून शिवसेनेचे राजन विचारे अडीच लाखांहून जास्त मतांनी आले. स्टेशनला उतरलो तर टेंभी नाक्याच्या बाजूने ढोल-ताशांचा आवाज. आमच्यात बँकेत असलेल्या एक मॅडम आहेत, त्यांच्या घरात आजोबांपासून काँग्रेस. त्यांना पेढा कसा द्यायचा म्हणून देणारी थोडी अडखळली, तर त्यांनी स्वतःच हात पुढे केला. म्हणाल्या, "लोकांनी ठरवलंय ना, मग द्या इकडे." मला ते फार आवडलं होतं, अजून आवडतं. हरलेल्या बाजूच्या माणसाला असं सहज बसता आलं पाहिजे आपल्यात.

मग २६ मे ला शपथविधी. आणि ३ जूनला सकाळी सकाळी बीडचे गोपीनाथ मुंडे साहेब गेल्याची बातमी. दिल्लीत गाडीला अपघात. मंत्री होऊन दहा दिवस पण झाले नव्हते. आमच्या डब्यात बीडकडची एक ताई होती, कळव्याला राहायची, तिचे वडील ऊसतोडीला जायचे. ती त्या दिवशी खिडकीला डोकं टेकून भायखळ्यापर्यंत रडत होती आणि कोणी तिला काही बोललं नाही, नुसती एकीने तिची पिशवी मांडीवर घेतली. सांगायचं कारण, सरकार बदललं याचा तिच्यासाठी एवढाच अर्थ होता की आपला माणूस दिल्लीत मोठ्या खुर्चीवर बसला. तो अर्थ एका आठवड्यात संपला. विश्लेषण करणाऱ्यांनी लाट, लाट म्हणून सगळ्यांना एकत्र मोजलं पण प्रत्येकीने मत दिलं ते आपापल्या कारणासाठी.

आता त्या जूनबद्दल.

२० जून, परत शुक्रवारच. रेल्वेने जाहीर केलं की प्रवासी भाडं १४.२ टक्के वाढणार, २५ तारखेपासून. तेवढ्यावर असतं तर चाललं असतं, भाडं कधीतरी वाढणारच आणि लोकलचं तिकीट खर्चाच्या मानाने स्वस्त आहे हे मला मान्य आहे. पण खरी गोम पासात होती. मासिक पास साधारण पंधरा सिंगल प्रवासांच्या भाड्यात मिळायचा, तो आता तीस प्रवासांच्या हिशोबाने होणार होता. म्हणजे थेट दुप्पट, वर ती वाढ वेगळी. ज्या घरात नवरा, बायको आणि कॉलेजातला मुलगा असे तीन पास निघतात त्यांनी काय करायचं?

शनिवारी सकाळी मी ठाणे वेस्टला पास काढायला गेले तर लाईन तिकीटघराच्या बाहेर, सॅटिसच्या, म्हणजे स्टेशनबाहेरच्या बसच्या, पुलाखालून पार रिक्षा स्टँडकडे वळलेली. पाऊस नावालाच, सगळे घामाघूम. ज्यांना जमत होतं ते तिमाही, सहामाही, काही जण वर्षाचा पास काढत होते, जुन्या दरात मिळतोय तोवर काढून ठेवू. माझ्या पुढे एक बाई होती, कोपरीची, मुलुंडला तीन घरची कामं करणारी. तिच्या हातात प्लास्टिकच्या पाकिटात ओळखपत्र आणि मोजून आणलेले पैसे. मी म्हटलं, ताई तीन महिन्यांचा काढून टाका ना, वाचतील तेवढे. ती म्हणाली, "तीन महिन्याचे एकदम कुठून आणू, पगार सात तारखेला होतो." स्वस्तात साठवून ठेवायला पण आधी हातात पैसे लागतात. जिला सगळ्यात जास्त गरज तिलाच फक्त एका महिन्याची सुटका, पुढच्या महिन्यापासून दुप्पट. हे ज्यांनी ठरवलं त्यांनी एकदा त्या लाईनीत उभं राहायला हवं होतं.

आणि त्या लाईनीतच जोरदार भांडण लागलं. एक जण मोठ्याने म्हणाला, "भोगा आता, अजून द्या मतं." दुसरा लगेच अंगावर, "त्यांना साठ वर्षं दिलीत, यांना साठ दिवस तरी द्याल की नाही?" मग हे दोन्ही संवाद पुढचे तीन दिवस मी सगळीकडे ऐकले, डब्यात, सोसायटीत, व्हॉट्सॲपवर, भाजीवाल्याकडे. मला दोघांचाही सारखाच राग आला होता आणि आजही येतो. एक जण म्हणतो तू मत दिलंस म्हणून आता तक्रार करू नकोस, दुसरा म्हणतो तू मत दिलंस म्हणून आता थांब. दोघांच्या म्हणण्यात मत देणाऱ्याने गप्प बसायचं आहे. अरे, मत दिलं म्हणूनच तर बोलायचा पहिला हक्क आहे ना? लग्नात वऱ्हाड नाचलं म्हणून जेवणाबद्दल काही बोलायचंच नाही असं असतं का?

सरकारची बाजू पण सांगते, कारण ती खरी होती. १४.२ टक्क्यांची वाढ मूळ आधीच्या सरकारच्या काळातली. रेल्वेने ती जाहीर केली कधी, तर १६ मे ला, निकालाच्याच दिवशी, आणि त्याच दिवशी थांबवून निर्णय येणाऱ्या सरकारवर सोडून दिला. नवे रेल्वेमंत्री सदानंद गौडा तेच म्हणत होते, आम्ही आधीचाच निर्णय लागू करतोय. बरोबर आहे. पण मग सरकार बदललं कशाला? आधीच्यांची फाईल जशीच्या तशी पुढे सरकवायची असती तर त्या बाईने रांगेत उभं राहून शाई लावून घेतली नसती. आमच्या बँकेच्या मॅडम, ज्यांना आनंद व्हायला हरकत नव्हती, त्या यावेळी अजिबात टोमणे मारत नव्हत्या, त्या पण लाईनीतच होत्या.

सोमवारी डब्यात विषय एकच. आणि गंमत बघा, सगळ्यात जास्त आवाज कोणाचा, तर ज्यांनी पेढे आणले होते त्यांचा. आम्ही यांना निवडून दिलंय, यांना ऐकावंच लागेल, असा तो सूर. एकीच्या दिराची पक्षाच्या शाखेत ऊठबस, तिने घरी जाऊन त्याला असं झापलं की तो दुसऱ्या दिवशी नगरसेवकाकडे गेला. अशी किती घरांमधून किती जणं गेली असतील. मुंबई-ठाण्यातले खासदार सगळे सत्तेतल्या युतीचे, ऑक्टोबरमध्ये विधानसभा, त्यामुळे त्यांच्याही पायाखालचं हललं. मंगळवारी २४ जूनला भाजप-सेनेचे खासदार रेल्वेमंत्र्यांना जाऊन भेटले आणि त्याच दिवशी निर्णय फिरला. पासाचा हिशोब पूर्वीसारखाच पंधरा प्रवासांचा, आणि उपनगरी सेकंड क्लासला ८० किलोमीटरपर्यंत वाढ नाही. फर्स्ट क्लासची १४.२ टक्के तशीच राहिली.

चार दिवसांत. मला नाही वाटत विरोधकांच्या मोर्चाने हे एवढ्या लवकर झालं असतं. हे आपल्याच मतदारांनी आपल्याच माणसांना धरलं म्हणून झालं, आणि साठ दिवस थांबायचं ठरवलं असतं तर २५ तारखेपासून नवीन दर चालू होऊन लोकांना सवय पण लागली असती.

फक्त त्या ८० किलोमीटरचं मला अजून खटकतं. कर्जत सीएसटीपासून शंभर किलोमीटर, कसारा एकशेवीसच्या घरात. पावसाळ्यात कसाऱ्याकडून रानभाज्या घेऊन ज्या बायका ठाण्याला येतात ना, स्टेशनच्या बाहेर टाकळा आणि कर्टुली घेऊन बसतात, त्यांना ठाण्यापर्यंत यायलाच ८० च्या वर पडतात. सवलतीची रेघ मारताना त्या बाहेर राहिल्या. आणि बुधवारी आमच्या डब्यात सगळ्या खूश, परत मेथी, परत सेल. कसाऱ्याचं नाव कोणी काढलं नाही. बीडच्या ताईने तेवढं म्हटलं, लांबून येणाऱ्यालाच नेहमी जास्त, आणि मग घाटकोपरला गर्दी चढली आणि विषय गेला.

त्या घाटकोपरवरूनच आठवलं. त्याच वर्षी जानेवारीत तिथे एका कॉलेजच्या मुलीचे दोन्ही हात गेले होते, प्लॅटफॉर्म आणि गाडी यांच्यातल्या फटीमुळे. आम्ही रोज तिथून जायचो, सगळ्यांच्या काळजात ते बसलेलं. ऑक्टोबरात विधानसभेच्या प्रचाराला (तोपर्यंत युती तुटली होती, सगळे वेगवेगळे लढत होते) एक उमेदवार सकाळी ठाणे स्टेशनला हात जोडत उभे होते. आमच्या ग्रुपमधल्या दोघी थांबल्या. प्लॅटफॉर्मची उंची कधी वाढणार, लेडीज टॉयलेटला कुलूप का असतं, रात्री अकरानंतर डब्यात पोलीस कुठल्या गाडीला असतो आणि कुठल्या नाही. उमेदवार म्हणाले रेल्वे केंद्राकडे येते, हे विधानसभेचं इलेक्शन आहे ताई. तर त्यांच्यातली एक, निकालाच्या दिवशी पेढे आणणारी, म्हणाली, "माहितीये आम्हाला. जूनमध्ये पण केंद्राकडेच होतं. तुमचे खासदार गेले होते ना भेटायला? मग परत पाठवा." आणि गाडी लागली म्हणून दोघी पळाल्या.