काकूंनी सांगितलेला क्रम

खानापूर तालुक्यातल्या एका गावात आम्ही पार्किन्सनच्या, म्हणजे हात थरथरवणाऱ्या मेंदूच्या आजाराच्या, रुग्णांचे शौचाचे नमुने गोळा करत होतो. एक रुग्णाचा आणि एक त्याच घरातल्या जोडीदाराचा. आहाराप्रमाणे आतड्यातले जीवाणू बदलतात. दोघं एकाच चुलीवरचं जेवत असतील तर जेवणाचा फरक बराचसा गळून पडतो. कागदावर हे सरळ आहे. सत्तरीच्या काकांच्या हातात ती डबी देणं तेवढं सरळ नाही.

"हात थरथरूलाय माझा, आणि तुम्ही पोट तपासूलालाय?" काकांनी विचारलं.

हा प्रश्न मला घरचेही विचारतात. आतड्याच्या भिंतीत चेतापेशींचं स्वतःचं जाळं असतं. तिथून मेंदूपर्यंत गेलेल्या व्हेगस नसेतले सुमारे ८० टक्के तंतू खालची खबर वर नेतात. पार्किन्सनमध्ये अल्फा-सिन्युक्लिन नावाचं प्रथिन चेतापेशींत साठतं. २००३ साली जर्मनीतल्या हायको ब्राक आणि सहकाऱ्यांनी मांडलं, की हे साठणं आतड्यात सुरू होऊन याच नसेने वर चढत असावं. सगळ्या रुग्णांना ते लागू पडतं असं मला वाटत नाही. पण काहींच्या बाबतीत नक्की विचार करायला लावतं.

काकांना यातलं थोडंसं सांगितलं. त्यांनी डबी खिडकीत ठेवून दिली.

मग प्रश्नावली. त्रास कधीपासून? "दोन वर्षं. गणपतीत आरतीचं ताट हालायला लागलं."

"दोन वर्षं कुठली!" काकू आतून पदराला हात पुसत आल्या. "थोरलीचं लग्न झालं तेव्हापासून पोट साफ होत नाही यांचं. इसबगोल झालं, एरंडेल झालं. मग धाकट्याच्या दहावीच्या वर्षी भांडले माझ्याशी, भाताला वासच नाही म्हणून. घरचा बासमती ओ! गल्लीभर घमघमाट, आणि यांना वास नाही. त्याच्यानंतर रात्री झोपेत लाथा मारायला लागले. मी खाली अंथरूण घातलं."

मी लिहिणं थांबवून त्यांच्याकडे बघत राहिलो. बद्धकोष्ठ, वास जाणं, स्वप्नात हातपाय झाडणं (निरोगी माणसाचे स्नायू स्वप्नाच्या झोपेत ढिले पडलेले असतात). कंपाच्या कितीतरी वर्षं आधी दिसू शकणारी ही लक्षणं आम्ही व्याख्यानांत पडद्यावर दाखवतो. काकूंनी ती घरातल्या लग्नावर आणि दहावीवर मोजून ठेवली होती. थोरलीची मुलगी आता नववीत आहे. करा हिशेब.

"आणि लिहा, पोट साफ नसलं की त्या दिवशी गोळी चढत नाही."

हेही खरं असू शकतं. पार्किन्सनवरचं औषध, लेव्होडोपा, लहान आतड्यात शोषलं जातं. जठर संथ झालं तर गोळी वरच अडकून राहते. शिवाय आतड्यातले काही जीवाणू, उदाहरणार्थ एन्टेरोकॉकस फीकॅलिस, हे औषध मेंदूपर्यंत पोचण्याआधीच मोडून टाकू शकतात, असं २०१९ साली प्रयोगांत दिसलं. आमचा अर्धा प्रकल्प त्याच्याभोवती फिरतो.

दारात उभी असलेली सून हळूच म्हणाली, "मलापण पोटाचा त्रास आहे. मला होणार काय?"

नाही, असं घाईने म्हणावंसं वाटलं. पण नीट सांगितलं. बद्धकोष्ठ असंख्य लोकांना असतं, त्यातल्या बहुतेकांना पार्किन्सन कधीच होत नाही. पाणी, भाजी, चालणं, आणि त्रास टिकला तर डॉक्टर. तिचा चेहरा सैल झाला.

काकूंचा मात्र नाही. "मग यांचं तेव्हाच कळलं असतं तर थांबलं असतं?"

"नाही, काकू. आजच्या गोळ्यांनी त्रास कमी होतो. आजार थांबवतं असं सिद्ध झालेलं औषध अजून नाही."

"मग एवढं विचारूलालाय कशाला?"

"उद्या तसं औषध निघालं तर हात थरथरायच्या आधी द्यावं लागेल. कुणाला द्यायचं, ते आधी ओळखता यायला पाहिजे."

काकूंनी पाट ओढला आणि समोर बसल्या. "मग वासाचं नीट लिहून घ्या. ते बारीक लिहिलंय तुम्ही."