मुंबईतलं विलायत

व्हिसाची फी बघून लंडन-डब्लिनचा बेत पुढे ढकलला आणि आज रविवारी थेट चर्चगेटला उतरलो. ज्या चर्चवरून हे नाव पडलं, त्या सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये मी आजवर पाऊल ठेवलं नव्हतं! १७१८ च्या नाताळात प्रार्थनेसाठी खुलं झालेलं हे चर्च. भिंतींवर संगमरवरी स्मारकंच स्मारकं. गव्हर्नर जोनाथन डंकन हा स्कॉटिश माणूस १८११ मध्ये मुंबईतच वारला. काशी आणि काठियावाडातली बालहत्या थांबवायला त्याने केलेली धडपड त्याच्या स्मारकावर कोरली आहे.

मग रीगल सिनेमापाशी वेलिंग्टन फाउंटन, १८६५ चं. ज्याच्या नावाचं हे कारंजं, तो ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणजे आर्थर वेलस्ली, जन्माने डब्लिनचा. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा हाच, पण त्याआधी १८०३ मध्ये असईला (आताचा जालना जिल्हा) आपल्या शिंदे-भोसल्यांच्या फौजेला यानेच हरवलं. म्हणजे आयरिश वारसा बघायला गेलो आणि आपलाच पराभव समोर आला. कौतुक करावं की चिडावं, तिथे उभं राहून ठरेना. बाकी टॅक्सीवाल्यांना त्याचं काही नाही, ते वळसा घालून निघून जातात.

शेवटी कुलाब्याचं अफगाण चर्च. सिंध आणि पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्या सैनिकांसाठी बांधलेलं, १८५८ चं. उंच निमुळता मनोरा, रंगीत काचा, आत गारवा. फोटो टाकतोय. पुढच्या रविवारी सेंट अँड्र्यूज चर्च, कोण येतंय?