भेंडी, खण आणि ३०० डीपीआय

घरी कार्ड करणाऱ्या माणसाचा निम्मा जीव कागदात अडकलेला असतो. फुलं कापणं, लेस चिकटवणं, वर सुलेखनात 'शुभेच्छा' लिहिणं हे सगळं नंतरचं, आधी खाली काय घ्यायचं ते ठरलं पाहिजे. बाजारात नक्षीच्या कागदांचे पॅड मिळतात, बारा इंच बाय बारा इंच, जाड, गुळगुळीत, बघून लगेच घ्यावेसे वाटतात. पण आत काय तर चेरीची फुलं, स्नोमॅन, आयफेल टॉवर आणि कपकेक. मंगळागौरीला स्नोमॅन कसा चालेल? मुंजीच्या आमंत्रणाला आयफेल टॉवर? आणि किंमत अशी की कापताना कात्री थरथरते, त्यामुळे निम्मे कागद 'चांगल्या कार्डासाठी' म्हणून कपाटातच राहतात. मग मी कागद घरीच करायला लागले, म्हणजे कॉम्प्युटरवर, हवा तेवढा छापायचा, कापताना वाईट वाटायचं कारण नाही.

आधी मापाचं बघू, कारण तिथे गडबड झाली की पुढचं सगळं फुकट. छापायला इंचाला ३०० ठिपके लागतात, यालाच डीपीआय म्हणतात, म्हणून बारा इंची कागद म्हणजे ३६०० बाय ३६०० पिक्सेल. पण हे बारा इंची प्रकरण अमेरिकेतल्या स्क्रॅपबुकच्या अल्बमांमुळे आलेलं आहे, आपल्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे ए-फोर असतो, तेव्हा मी सरळ २४८० बाय ३५०८ घेते. मधे घडी घातली की ए-फाइव्हचं कार्ड तयार, पाकिटंही त्याच मापाची मिळतात. सॉफ्टवेअर म्हणाल तर गिंप आणि इंकस्केप, दोन्ही फुकट, दोन्हींचे मेनू एखाद्या सरकारी इमारतीसारखे, कुठली खिडकी कुठे ते विचारत फिरायचं. एकदा सापडली की मात्र काम होतं.

आता भेंडी. भेंडीचा देठ कापला की फूल दिसतं हे आपण सगळ्यांनी शाळेत चित्रकलेच्या तासाला केलंय, बहुतेक वेळा पाच पाकळ्या, मधे बियांचे खड्डे. ताजी कोवळी भेंडी ठशाला वाईट, चीक सुटतो आणि रंग घसरतो. फ्रीजमधे मागे राहून गेलेली, जरा जून झालेली, जी भाजीला घ्यायची की नाही यावर घरात दोन मतं असतात, ती उत्तम. कापून थोडा वेळ तशीच ठेवायची, मग जुन्या पेपरवर टिपायची आणि पोस्टर कलर अगदी घट्ट घ्यायचा, पाणी घातलं की संपलं. पहिला ठसा नेहमी गचाळ येतो, रंग पाकळ्यांमधे भरून जातो. दुसरा-तिसरा स्वच्छ येतो. पुढचे फिकट होत जातात, एखादी पाकळी अर्धीच उमटते, बियांच्या जागी पांढरे डोळे राहतात, आणि मला हेच फिकटवाले जास्त आवडतात कारण कागद त्यांच्यामुळे हाताने केल्यासारखा दिसतो. पूर्ण पान ठशांनी भरायचं नाही, ऐसपैस अंतर ठेवून दहाबारा ठसे मारायचे आणि ६०० डीपीआयला स्कॅन करायचं. मोबाइलने फोटो काढला तर एका कोपऱ्यात सावली येते, कडा वाकतात, ते नंतर निस्तरत बसावं लागतं.

मग त्यातले चारपाच ठसे निवडायचे, प्रत्येकाला थोडंथोडं वेगळं फिरवायचं आणि एका चौकोनात मांडायचे. हा चौकोन असा झाला पाहिजे की शेजारीशेजारी ठेवत गेलं तर सांधा दिसायला नको. त्यासाठी गिंपमधे ऑफसेट म्हणून एक सोय आहे, ती चित्र अर्ध्या रुंदीने आणि अर्ध्या उंचीने सरकवते, उजवीकडून बाहेर गेलेलं डावीकडून आत येतं, वरून गेलेलं खालून. त्यामुळे ज्या कडा कोपऱ्यात लपून बसल्या होत्या त्या एकदम पानाच्या मध्यभागी येऊन उभ्या राहतात, अधिक चिन्हासारख्या. तिथे कुठे अर्ध फूल तुटलंय, कुठे उगाच मोकळं मैदान पडलंय, सगळं दिसतं. त्या सांध्यावर एकदोन भेंड्या ठेवून द्यायच्या की झालं. हे काम मला फार आवडतं. जेवण झाल्यावर टीव्हीवर कुणीतरी कुणावर तरी ओरडत असतं आणि मी इकडे भेंड्या सरकवत असते.

इंकस्केपमधे तर याहून मजा आहे. एक बुट्टी काढायची आणि तिच्या टाइल्स करायला सांगायचं, ते विचारतं की नुसती सरकवू, की आरसा धरू, की तीन-चार-सहा वेळा फिरवू, आणि अशा पद्धतींची यादी देतं. यादीत बरोबर सतरा प्रकार आहेत. मला वाटायचं की प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी कंटाळून सतरावर सोडून दिलं असेल, पण तसं नाहीये, सपाट पृष्ठभागावर नक्षी दोन्ही दिशांना पुन्हापुन्हा पसरवायचे एकूण प्रकारच सतरा आहेत, फेदोरोव नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने १८९१ मध्ये ते सिद्ध केलं. म्हणजे तुमची ठिपक्यांची रांगोळी दारभर पसरवली, बाथरूमच्या फरशा बघितल्या, खणावरची बुट्टी बघितली, तरी सगळं त्या सतरात बसतं. आपल्या आज्या हे सिद्ध न करताच करत होत्या, पण असं म्हटलं की भाषण सुरू झाल्यासारखं वाटतं, म्हणून पुढे जाऊ.

खणाबद्दल मात्र बोलायलाच पाहिजे. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा जुना खण आईच्या पेटीत होता, तो स्कॅनरवर पालथा घातला तर दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे उभे धागे एका रंगाचे आणि आडवे दुसऱ्या, त्यामुळे कापड धूपछांव, आणि स्कॅनरचा दिवा एकाच बाजूने येतो, म्हणून उभा ठेवला तर जांभळा आणि आडवा ठेवला तर लालसर, एकाच तुकड्याचे दोन कागद फुकटात मिळाले. दुसरं म्हणजे स्क्रीनवर लाटालाटांचे पट्टे दिसायला लागले, जे कापडात कुठेच नव्हते. धाग्यांची जाळी आणि पिक्सेलची जाळी एकमेकींवर पडली की असं होतं. जुन्या लग्नपत्रिका स्कॅन केल्या तरी होतं, कारण छपाईसुद्धा बारीक ठिपक्यांचीच असते. उपाय म्हणजे मोठ्या डीपीआयला स्कॅन करून मग लहान करायचं, नाहीतर कापड किंचित तिरकं ठेवायचं आणि नंतर सरळ करायचं.

तसाच एक नाद अबरीचा. जुन्या वह्यांना, जमाखर्चाच्या चोपड्यांना आतून-बाहेरून जो लाटालाटांचा रंगीत कागद असायचा तो. ही आपल्या दख्खनची जुनी करामत आहे, सतराव्या शतकात विजापुरात चित्रकार अबरीतून अख्खी चित्रं काढायचे, हाडाची काडं झालेल्या घोड्याचं आणि त्यावरच्या स्वाराचं साधारण १६२५ सालचं एक चित्र आज न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममधे आहे, त्याचा फोटो कधीतरी मोठा करून बघा. रंग तरंगायला दाट चिकट पाणी लागतं, आणि ते करायच्या जुन्या पद्धतींमधली एक आहे मेथीदाण्यांची. कागदाला आधी तुरटीचं पाणी लावलं की रंग धरून ठेवतो. सगळं सामान स्वयंपाकघरातच! फक्त एकदा उचललेली लाट परत तशी येत नाही, म्हणूनच स्कॅन करून ठेवायची. मग तिचा निळा काढून हिरवा करा, फिका करा, काहीही करा. पण तिला चौकोनात कापून टाइल करायला जाऊ नका, लाट तुटलेली लगेच कळते. अबरी अख्खं पानभरच घ्यावी.

इतकं सगळं करून कागद सुंदर झाला की खरी पंचाईत. कारण हा मागचा कागद आहे, त्यावर अजून फुलं, नाव, शुभेच्छा यायच्यात. नवरीपेक्षा करवलीच जास्त नटलेली असली की फोटोत कुणाकडे बघायचं ते कळत नाही, तसं होतं. माझी परीक्षा सोपी आहे, कागद स्क्रीनवर अंगठ्याएवढा लहान करायचा आणि डोळे बारीक करून बघायचं, एखादी गोष्ट उडी मारून पुढे आली तर ती दाबायची. कॉन्ट्रास्ट उतरवायचा. पांढरा शुभ्र न ठेवता हातकागदाचा पोत खाली घालायचा, आणि आपल्याकडे त्याची काय कमी आहे, पुण्यात हातकागदाची संस्था १९४० पासून आहे, तिथला एक तंतू-तंतू दिसणारा पांढरट कागद स्कॅन करून ठेवलाय, तो मल्टिप्लाय करून, म्हणजे खालची नक्षी दिसत राहील असा मिसळून, कशावरही टाकला की कोरेपणा जातो. अशा कागदाकडे नुसतं बघून कुणी वा म्हणत नाही. मैत्रिणीला पाठवला तर ती म्हणते, छान आहे, पण रिकामं वाटतंय ना गं? वाटायलाच पाहिजे.

रंगांचं दुःख वेगळं. राणी कलर आणि पोपटी हे दोन रंग स्क्रीनवर जेवढे झळकतात तेवढे कागदावर येतच नाहीत, स्क्रीन उजेडाने रंगवते आणि प्रिंटर शाईने, शाईला तेवढी झळाळी जमत नाही. राणी मळकट गुलाबी होतो. पैठणीच्या काठांचे कागद करताना हे फार जाणवतं, म्हणून मी हल्ली मोरपंखीला थोडं गडद आणि राणीला थोडं लालकडे ढकलूनच ठेवते.

बाकी छपाईची गणितं झेरॉक्सवाल्याकडे. त्याचं मशीन २५० जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला २५० ग्रॅम) वरचा जाड कागद गिळत नाही, आणि गिळला तरी लेझरची शाई वर बसलेली असते, घडीवर तडकते आणि बरोबर मधोमध पांढरी रेघ उठते. म्हणून नक्षी छापायची शंभर-एकशेवीसच्या कागदावर आणि तो चिकटवायचा जाड कार्डशीटवर. पातळ गमाने नाही, पाण्याने कागद फुगतो, गमस्टिकच घ्यायची. कार्डशीटला घडी घालायच्या आधी संपलेल्या रिफिलने पट्टी धरून रेघ ओढायची म्हणजे सरळ मोडतं.

त्याचं आणि माझं खरं भांडण संक्रांतीला होतं. पूर्वी संक्रांतीला छोटी भेटकार्डं यायची, आत पुडीत चिमूटभर हलवा, पोस्टाने येईपर्यंत अर्ध्याची पूड झालेली. मी अजून पाठवते. आणि संक्रांत म्हणजे काळा रंग, म्हणून कागद चंद्रकळेचा, काळ्यावर पांढरे ठिपके, वरती हलव्याच्या दागिन्यांसारखी नक्षी. आता प्रिंटरमधे पांढरी शाई नसते, पांढरं म्हणजे जिथे छापलंच नाही तो उघडा कागद, त्यामुळे पांढऱ्या ए-फोरवर ठिपके सोडून बाकी सगळं काळं करावं लागतं. मी पेनड्राइव्ह दिला की तो फाइल उघडतो, एकदा स्क्रीनकडे बघतो, एकदा माझ्याकडे.

"ताई, पांढरा कागद घेऊन काळा करायचा आणि त्यात परत पांढरं ठेवायचं. त्यापेक्षा काळा कागदच घ्या की, देतो मी. पांढरं पेनही आहे, ठिपके काढा घरी बसून."

त्याचं बरोबर आहे, काळ्या कागदावर पांढऱ्या जेल पेनचे ठिपके छापलेल्यापेक्षा कितीतरी चांगले दिसतात. पण कार्डं तीस असतात आणि एका चंद्रकळेवर ठिपके शेकड्यांनी. मी म्हणते, छापा हो तुम्ही. तो म्हणतो मग रंगीतचा रेट लागेल. मी म्हणते, काळ्या एकाच रंगाला रंगीतचा रेट कसा काय? यावर तो टोनरची किंमत सांगायला लागतो, मागे लाइनीत आधार कार्डाच्या झेरॉक्सवाले ताटकळलेले असतात, त्यातला एक जण वाकून स्क्रीनवर बघतो आणि विचारतो, हे साडीचं डिझाइन आहे का, मिसेसला दाखवायला फोटो काढू?