पिंगळ्याची मान जिकडे, पुरावा तिकडे

मी लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. सध्या हातात एक डिटेक्टिव्ह गोष्ट आहे, गुप्तहेर म्हणजे एक मुंगूस आणि एक पिंगळा, आणि केस अशी की वानरीने पिल्लांसाठी कातळावर जमवलेली जांभळं एका रात्रीत गायब. सगळ्यांचा संशय कोल्ह्यावर, तोही उगाच नाही, कोल्हा बोरं-जांभळं मिटक्या मारत खातो. खरा चोर उदमांजर. पण हे मजकुरात शेवटपर्यंत कुठेच येत नाही, येतं ते फक्त चित्रात, आणि माझ्या मते चित्रांच्या रहस्यकथेत ते तसंच यायला हवं, नाहीतर चित्रं हवीत कशाला?

पुरावा क्रमांक एक, चिखलातलं पाऊल. कोल्हा कुत्र्याच्या कुळातला, त्याच्या ठशात चार बोटं उमटतात, उदमांजराच्या पाच. दुसरा पुरावा विष्ठेतल्या अख्ख्या बिया. आणि तिसरा माझा सगळ्यात लाडका, खुद्द पिंगळा. घुबडांचे डोळे खोबणीत पक्के बसलेले असतात, आपल्यासारखं तिरकं बघता येत नाही, बघायचं तर अख्खी मान वळवायची, म्हणून तर ती 270 अंशांपर्यंत वळते, मानेत मणके 14, आपल्या दुप्पट. त्यामुळे प्रत्येक चित्रात मुंगूस भलतीकडेच हात करून बडबडतोय आणि पिंगळा गप्प, पण त्याची मान बरोब्बर पुराव्याकडे.

प्रकाशकांना हे पटत नव्हतं. ठसा चिखलाच्याच रंगात आहे, मुलांना दिसणार नाही, भोवती लाल गोल काढा, असा त्यांचा आग्रह. मी म्हटलं आधी मुलांना दाखवू, मग ठरवू. डमी घेऊन आंबोलीकडच्या एका शाळेत गेले, तिसरी-चौथीची मुलं. जूनचा पाऊस पत्र्यावर असा कोसळत होता की वाचायला घसा ताणावा लागला, पण एका अर्थी बरंच झालं, ऐकू येईना म्हणून सगळी पोरं चित्रांवर वाकली.

ठशाचं पान आलं. मजकुरात मुंगूस ठासून सांगतो, चोर कोल्हाच! मी पान उलटणार एवढ्यात एका मुलीने तळहात पानावर दाबून धरला आणि मला उलटूच देईना. ओल्या बोटाने एकेक बोट मोजलं, परत मोजलं. मग म्हणाली, "ह्यां पाऊल कोल्ह्याचां न्हय. ह्येका पाच बोटां आसत." तिच्या घराच्या माळ्यावर रात्री उदमांजर फिरतं, अंगणात त्याची बियांनी भरलेली शी पडलेली असते, ती रोज बघते. शी म्हटल्यावर वर्गात जो हशा पिकला तो आवरायला बाईंना छडी टेबलावर आपटावी लागली.

आणि मागच्या रांगेतला एक मुलगा, तोवर अक्षर न बोललेला, पुढे आला आणि सगळी पानं पहिल्यापासून उलटत गेला. ही बघा पिंगळ्याची मान, हा बघा ठसा, ही मान, ह्या बिया. कुणी सांगितलं नव्हतं! माझे हात थरथरत होते, खरं सांगते, इतकी वर्षं चित्रं काढतेय पण माझं चित्र असं कुणी वाचलेलं मी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

पुढे वेगळंच झालं. गोष्टीत उदमांजर कान धरून माफी मागतं, ते पोरांना अजिबात मंजूर नाही. जांभळीचं झाड काय वानरीने लावलं? एक म्हणे उदमांजर बिया लांब लांब टाकतं त्यातनंच झाडं येतात (आणि ते खरंच आहे), दुसरी म्हणे पण पिल्लं उपाशी राहिली त्याचं काय, वानरीने रात्रभर काय करायचं, राखण? मधली सुट्टी झाली तरी भांडण चालू, बाईसुद्धा त्यात पडल्या.

संध्याकाळी सावंतवाडीला पोचल्यावर लेखिकेला फोन केला, तासभर बोललो. माफीचं पान काढायचं ठरलं, त्या जागी पंचायत भरणार आणि वानरी, कोल्हा, उदमांजर तिघंही आपापली बाजू मांडणार, निकाल वाचणाऱ्याने द्यायचा. पानं वाढवायची नाहीत, 32 म्हणजे 32, म्हणून मधलं नदीचं एक मोठं चित्र जाणार, मला ते फार आवडायचं पण जाऊ दे. प्रकाशकांना त्या मुलीचा पानावर हात दाबलेला फोटो पाठवला, चेहरा न दिसणारा. लाल गोल रद्द.